झोपेचा हिशेब: विमानातील कर्मचाऱ्यांनी थकवा कसा ओळखावा आणि कसा आवरावा

विमानातील नोकरी नव्याने धरलेल्या मुलामुलींकडून आग विझवणे, दार उघडून स्लाइड (आणीबाणीत बाहेर पडण्याची फुगणारी घसरगुंडी) सोडणे, हृदय बंद पडलेल्या प्रवाशाला शुद्धीवर आणणे हे सगळे घोकून घेतले जाते. घरात पाहुणे आलेले असताना दुपारी दोन वाजता झोपायचे कसे, हे मात्र बहुतेकांना आपले आपणच शिकावे लागते. केबिनमध्ये वीसहून अधिक वर्षे काढल्यावर माझे मत असे झाले आहे की, या दुसऱ्या गोष्टीचे शिक्षण पहिल्याइतकेच आवश्यक आहे, कारण आग आणि हृदयविकार वर्षानुवर्षे समोर येत नाहीत, पण थकवा प्रत्येक रोस्टरमध्ये, म्हणजे ड्यूट्यांच्या वेळापत्रकात, असतो. हा मजकूर मुख्यतः नव्या वैमानिकांसाठी आणि केबिन क्रूसाठी आहे. त्यातील काही भाग त्यांच्या घरच्यांनीही वाचावा, असे मला मनापासून वाटते.

सर्वांत आधी एक सवय मोडावी लागते. "मला ठीक वाटते आहे, मी ड्यूटी करू शकेन" हे वाक्य पुरावा म्हणून स्वीकारणे सोडून द्यावे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सलग १४ दिवस रात्री सहा तास किंवा त्याहून कमी झोप मिळालेल्या माणसांची सावधानता एकदोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसांइतकी खाली गेली होती. तरीही आपल्याला फारशी झोप येत नाही, असेच ती माणसे सांगत होती. थकलेला मेंदू स्वतःचा थकवा मोजू शकत नाही. म्हणून थकव्याचा अंदाज मनाला विचारून घेण्यापेक्षा घड्याळाला विचारून घ्यावा, आणि तोही ड्यूटीच्या आदल्या दिवशी, डोके ताजे असताना.

हिशेब कसा मांडावा

ऑस्ट्रेलियातील झोपेच्या अभ्यासकांनी रुळवलेली एक साधी पद्धत मी गेली अनेक वर्षे वापरत आले आहे, आणि तिच्यासाठी कागदपेन्सिलीखेरीज काहीही लागत नाही. तीन आकडे लिहावेत. ड्यूटी सुरू होण्याआधीच्या २४ तासांत प्रत्यक्ष किती तास झोप झाली असेल, हा पहिला. आधीच्या ४८ तासांत किती झाली असेल, हा दुसरा. आणि ड्यूटी संपेल त्या क्षणी आपण सलग किती तास जागे असू, हा तिसरा. पहिला आकडा पाचाच्या खाली किंवा दुसरा बाराच्या खाली असेल, तर धोका सुरू झाला असे धरावे. तिसरा आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा होत असेल, म्हणजे दोन दिवसांत जितके झोपलो त्याहून अधिक वेळ आपण सलग जागे राहणार असू, तरीही तोच निष्कर्ष काढावा. ही किमान मर्यादा आहे, पुरेशी झोप नव्हे. बहुतेक प्रौढांना रोज सात ते नऊ तास लागतात.

समजा, मुंबईहून रात्री साडेआठला दुबईला निघून पहाटे पाचला परत उतरायचे आहे. आदल्या दोन्ही रात्री आठ आठ तास झोप झाली, सकाळी सातला जाग आली, दिवसभर बँकेची आणि मुलांच्या शाळेची कामे झाली आणि संध्याकाळी गाडी घ्यायला आली. झोप उत्तम झालेली आहे, अंगात उत्साहही आहे. पण विमान धावपट्टीला टेकेल तेव्हा जागून २२ तास झालेले असतील आणि ४८ तासांतली झोप १६ तासच असेल. ऑस्ट्रेलियातच १९९७ मध्ये झालेल्या एका अभ्यासानुसार सलग १७ तास जागलेल्या माणसाची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी उतरते. आपल्याकडे गाडी चालवण्यासाठी कायद्याने ठरवलेली मर्यादा ०.०३ टक्के आहे, हे लक्षात घेतले म्हणजे २२ तासांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. याच दिवशी दुपारी दोन ते पाच या वेळेत अंधार करून झोप घेतली असती, तर लँडिंगच्या वेळी जागरणाचे तास बारावर आले असते. बँकेचे काम दुसऱ्या दिवशी झाले असते.

पहाटेच्या ड्यूट्यांचा हिशेब याहून फसवा असतो. ठाण्यात राहणाऱ्या माणसाचे विमान पहाटे पाचला असेल, तर रिपोर्टिंग, म्हणजे ड्यूटीवरची हजेरी, चारला, गाडी पावणेतीनला आणि उठणे दोनला. रात्री नऊला अंथरुणाला पाठ टेकली तरी जेमतेम पाच तास मिळतात. पहिल्या दिवशी हे चालून जाते. दुसऱ्या दिवशीही तीच वेळ असेल, तर ४८ तासांत दहाच तास झोप होते आणि मर्यादा ओलांडली जाते. तिसऱ्या दिवसाचा तर विचारच करू नये. म्हणून रोस्टर हाती येताच आधी सलग पहाटेच्या ड्यूट्या शोधून त्यांच्याभोवती खूण करावी आणि त्या प्रत्येक दिवसाच्या दुपारी दीड तासाची झोप तेव्हाच लिहून टाकावी. लिहिलेली झोप टिकते. मनात ठरवलेली झोप पहिल्या फोनबरोबर जाते.

स्टँडबाय ड्यूटीलाही हाच नियम लावावा. बोलावणे येईल की नाही हे माहीत नसते, म्हणून अनेक जण तो दिवस सुट्टीसारखा घालवतात आणि संध्याकाळी फोन आला की उठल्यापासूनचे तास मोजायला घाबरतात. स्टँडबायच्या दिवशी दुपारची झोप ही ड्यूटीच समजावी.

शरीराचे घड्याळ

शरीरात चोवीस तासांहून किंचित मोठे असे एक घड्याळ चालते, आणि ते आपल्या रोस्टरला जुमानत नाही. पहाटे दोन ते सहा या वेळेत त्याचा तळ असतो. शरीराचे तापमान, प्रतिसादाचा वेग आणि निर्णयशक्ती यांना त्याच वेळी ओहोटी लागते. दुपारी जेवणानंतर त्याहून लहान असा दुसरा उतार येतो. संध्याकाळी मात्र, सुमारे सहा ते आठ-नऊच्या दरम्यान, शरीर झोपेला विरोध करते. तिन्हीसांजेला झोपू नये, ती लक्ष्मी येण्याची वेळ असते, असे आपल्या घरांतून सांगत आले आहेत. कारण काहीही दिले जात असो, त्या वेळी झोप लागत नाही, हा अनुभव खरा आहे. म्हणूनच पहाटे दोनला उठायचे असताना संध्याकाळी सहाला आडवे होऊन तळमळण्यात अर्थ नसतो. दुपारच्या उतारावर दीड तास झोपावे, संध्याकाळ शांतपणे आणि मंद प्रकाशात घालवावी, फोन दूर ठेवावा आणि आठ-साडेआठनंतर झोपायला जावे. असे सहा-सात तास मिळवता येतात, आणि पहाटेच्या ड्यूटीसाठी याहून चांगला मार्ग मला सापडलेला नाही.

पहाटेचा तळ किती खोल असतो, हे आपल्या देशाने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान सकाळी सहाच्या सुमारास मंगळूरच्या टेकडीवरील धावपट्टीपलीकडे कोसळले आणि १६६ पैकी १५८ माणसे गेली. कॉकपिटच्या दोन तास पाच मिनिटांच्या ध्वनिमुद्रणात पहिल्या एक तास चाळीस मिनिटांत कॅप्टन झोपेत असल्याचे चौकशीत आढळले. विमान जास्त उंचीवर आणि जास्त वेगात असताना सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्यास सुचवले होते, तरी उतरण्याचा प्रयत्न थांबवला गेला नाही. गाढ झोपेतून उठल्यावर काही काळ मेंदू पूर्ण जागा झालेला नसतो. झोपेची ही गुंगी आणि पहाटेची ती वेळ, दोन्हींची नोंद चौकशी न्यायालयाने घेतली. यात एका माणसाला दोष देऊन थांबणे मला पटत नाही. मंगळूरच्या त्या पहाटेकडून आपण घ्यायची गोष्ट व्यावहारिक आहे: उड्डाणात घेतलेली झोप कशी आणि केव्हा घ्यावी, याचे नियम शिस्तीने पाळावेत.

उड्डाणातली डुलकी, चहा आणि परस्परांवर नजर

कॉकपिटमध्ये नियंत्रित विश्रांती, म्हणजे एका वैमानिकाने जागेवरच ठरवून डुलकी, घेण्याची मुभा आपल्या कंपनीच्या ऑपरेशन्स मॅन्युअलमध्ये असेल तरच ती घ्यावी. ती घेताना दुसऱ्या वैमानिकाला स्पष्टपणे सांगावे, केबिनला कळवावे आणि ठरलेल्या वेळी केबिनमधून इंटरकॉम येईल अशी व्यवस्था करावी. जानेवारी २०२४ मध्ये इंडोनेशियातील बाटिक एअरच्या एका विमानात दोन्ही वैमानिक एकाच वेळी सुमारे २८ मिनिटे झोपले होते. सहवैमानिकाच्या घरी महिन्याभराची जुळी बाळे होती आणि रात्रीची झोप पुरी झालेली नव्हती. कॅप्टन सहवैमानिकाला सांगून विश्रांती घेत होता, आणि सहवैमानिकाला नकळत झोप लागली. ठरलेल्या वेळी केबिनमधून आलेला एक इंटरकॉम अशा वेळी कामाला येतो.

डुलकी चाळीस मिनिटांपेक्षा मोठी होऊ देऊ नये. नासाच्या संशोधकांनी लांब पल्ल्याच्या उड्डाणांवर केलेल्या आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वैमानिकांना चाळीस मिनिटांची संधी दिली होती, तेव्हा त्यांची प्रत्यक्ष झोप सरासरी २६ मिनिटे झाली, आणि तेवढ्यानेही पुढच्या तासांतली सावधानता स्पष्टपणे सुधारली. याउलट जानेवारी २०११ मध्ये टोरांटोहून झुरिकला जाणाऱ्या एअर कॅनडाच्या विमानात सहवैमानिक सुमारे ७५ मिनिटे झोपला, आणि जाग आल्याबरोबर समोर चमकणारा शुक्र त्याला चालून येणारे विमान वाटला. मग सुरक्षित अंतर राखून खालून येणारे खरे विमान आपल्यावर आदळेल असे वाटून त्याने विमान एकदम खाली झुकवले आणि १६ जण जखमी झाले. जागे झाल्यावर निदान पंधरा-वीस मिनिटे कोणतेही नियंत्रण हाती घेऊ नये, कोणताही निर्णय घेऊ नये, आणि खाली उतरायला सुरुवात होण्याच्या पुष्कळ आधी विश्रांती संपवावी.

केबिन क्रूची स्थिती वेगळी आहे. आपल्याला चालत राहावे लागते, त्यामुळे झोप येत नाही असा भास होतो. थकवा मग हातांच्या चुकांत दिसतो. गरम पाण्याचे भांडे सांडते, विशेष जेवण चुकीच्या सीटवर जाते, आणि पहाटेच्या लँडिंगनंतर दार डिसआर्म करायचे, म्हणजे त्याची स्लाइड निष्क्रिय करायचे, राहून ते उघडले, तर स्लाइड थेट पायऱ्यांवर किंवा खाली उभ्या असलेल्या माणसावर उलगडते. म्हणून पहाटेच्या वेळी दाराची कृती मनातल्या मनात करू नये. बोट ठेवून, मोठ्याने उच्चारून करावी आणि समोरच्या सहकाऱ्याने खात्री केल्यावरच हात काढावा. लँडिंगच्या वेळी जंपसीटवर (दाराजवळच्या क्रूच्या आसनावर) बसल्यावर डोळे जड होतात, तेव्हा आपल्या दाराचा क्रम आणि बाहेर काय दिसल्यास दार उघडायचे नाही, याची उजळणी करावी.

चहाकॉफीचाही हिशेब असतो. रक्तातले कॅफीन निम्मे व्हायला पाच-सहा तास लागतात. रात्रीच्या ड्यूटीत पहिल्या तासातच दोन कप घेण्यापेक्षा मध्यरात्रीनंतर थोडा थोडा चहा घ्यावा आणि घरी झोपण्याच्या सहा तास आधी तो बंद करावा. सकाळी आठला झोपायचे असेल, तर रात्री दोननंतर कप हातात घेऊ नये; लँडिंगसाठी अगदीच गरज वाटली तर अर्धा कप घ्यावा आणि त्याची किंमत सकाळच्या झोपेतून वजा होईल, हे मान्य करून घ्यावा. सर्दीच्या आणि ॲलर्जीच्या अनेक गोळ्या गुंगी आणतात, तेव्हा ड्यूटीच्या आदल्या दिवशी स्वतःच्या मनाने त्या घेऊ नयेत. झोपेच्या गोळ्यांविषयी, मेलाटोनिनविषयीसुद्धा, विमान वैद्यकीय तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे. मद्याने झोप लवकर लागते पण मध्येच तुटते. आणि उड्डाणाआधी १२ तास मद्य न घेण्याचा नियम तर आहेच.

ज्यांना घोरण्याची सवय आहे आणि आठ तास झोपूनही दिवसभर पेंग येते, त्यांनी झोपेत श्वास अडखळण्याच्या विकाराची तपासणी करून घ्यावी. २००८ मध्ये हवाई बेटांवर दोन्ही वैमानिक झोपल्याने विमान हिलो विमानतळ ओलांडून पुढे समुद्रावर गेले होते, त्यातील कॅप्टनला हा विकार असल्याचे नंतर निष्पन्न झाले. हा विकार उपचाराने आवरतो. परवाना जाईल या भीतीने तो लपवणाऱ्यांना मी एवढेच विचारते की, रोजची झोप गेली तर परवान्याचा उपयोग काय.

घरच्यांनी काय करावे

दिवसा झोपणारा माणूस आळशी, आणि दिवसा झोपणारी सून त्याहून आळशी, ही समजूत आजही पुष्कळ घरांत आहे. नव्या मुलींच्या थकव्याचे मूळ कित्येकदा रोस्टरमध्ये नसून स्वयंपाकघरात असते, हे मी अनेक वर्षे पाहिले आहे. रात्रभर तीनशे किलोमीटरवर नव्हे, तीन हजार किलोमीटरवर जाऊन आलेली मुलगी सकाळी आठला घरी येते आणि "आलीच आहेस तर पोळ्या करून झोप" असे तिला सांगितले जाते. सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. तिची रात्र आत्ता सुरू होते आहे, एवढेच त्यांना कळलेले नसते. त्यांना ते शांतपणे, आकड्यांसह समजावून सांगावे. फ्रिजवर रोस्टरच्या शेजारी झोपेच्या वेळा लावाव्यात, म्हणजे रोज नव्याने वाद होत नाही.

खोली शक्य तितकी गार आणि पूर्ण अंधारी असावी. पडद्याला मागून जाड काळे कापड शिवले तरी पुरते. दूध, कुरिअर आणि भांडीवाल्या मावशींसाठी बेलऐवजी दारावर चिठ्ठी लावावी. कुकर झोपेआधी किंवा नंतर लावावा. गणपतीत आणि लग्नसराईत शेजारचे ढोलताशे थांबवता येत नाहीत, अशा दिवसांसाठी कानात घालायचे बोळे आणि सतत चालणारा पंखा यांची आधीच तयारी ठेवावी, किंवा शांत वस्तीतील नातेवाइकांकडे झोपायला जावे. फोन बंद ठेवून आणीबाणीसाठी घरातल्या एकाच माणसाचा क्रमांक कंपनीला आणि नातेवाइकांना द्यावा.

परदेशातील मुक्काम

मुक्काम ४८ तासांहून कमी असेल, तर शरीराला तिथल्या वेळेवर न्यायचा प्रयत्न करू नये. शक्य तितके मुंबईच्याच वेळेने झोपावे आणि खावे. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते, म्हणजे तिथे रात्री अकराला मुंबईत पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. सहकाऱ्यांबरोबर जेवायला थांबून अकराला झोपायला गेल्यास आपली जवळजवळ पूर्ण रात्र जागरणात गेलेली असते. संध्याकाळी सहा-सातला खोलीत परतावे. न्यूयॉर्कचा फरक हिवाळ्यात साडेदहा तासांचा आहे, तिथे रात्र आणि दिवस जवळपास उलटे होतात, त्यामुळे एका सलग झोपेचा हट्ट सोडून चार-पाच तासांची एक मुख्य झोप आणि परतीच्या ड्यूटीआधी दोन-तीन तासांची दुसरी झोप, अशी विभागणी करावी. पूर्वेकडे येताना शरीराला घड्याळ पुढे ओढावे लागते आणि ते मागे सरकवण्यापेक्षा कठीण असते, म्हणून परतल्यावरचे पहिले दोन दिवस मोकळे ठेवावेत.

हॉटेलात लिफ्टपासून लांबची खोली मागावी, आणि पडद्यांमधली फट कपाटातल्या चिमटे असलेल्या हँगरने बंद करावी. ही युक्ती मला एका ज्येष्ठ ताईंनी पहिल्याच मुक्कामात शिकवली होती.

घरी परतण्याचा रस्ता

पुण्यात राहत असताना रात्रीच्या ड्यूटीनंतर मी स्वतः गाडी चालवत परतत असे. एका सकाळी घाट सुरू झाल्यावर मी भानावर आले, आणि खालापूरचा टोलनाका केव्हा ओलांडला हे मला आठवेना. काच खाली होती, गाणी सुरू होती, झोप येत आहे असे एकदाही वाटले नव्हते. त्या दिवसानंतर रात्रीच्या ड्यूटीनंतर मी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. कंपनीची गाडी नसेल, तर ट्रेन किंवा बस घ्यावी. गाडी चालवण्यावाचून इलाज नसेल, तर निघण्याआधी एक कप कॉफी घेऊन लगेच वीस मिनिटे झोपावे. जाग येईपर्यंत कॉफीचा परिणाम सुरू झालेला असतो. हा उपाय ठाण्या-कल्याणपर्यंतच्या अंतराचा आहे. पुणे-नाशिकच्या रस्त्यासाठी त्यावर विसंबू नये. विमानतळाजवळच झोपून मग निघावे.

नियम आणि फटीग रिपोर्ट (थकव्याचा अहवाल)

डीजीसीएने, म्हणजे देशातील नागरी विमान वाहतुकीच्या नियामक संस्थेने, जानेवारी २०२४ मध्ये वैमानिकांसाठी ड्यूटीच्या वेळांचे सुधारित नियम जाहीर केले. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली, रात्रीची व्याख्या बारा ते पाचऐवजी बारा ते सहा अशी झाली आणि रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. दिल्ली उच्च न्यायालयात गेलेल्या प्रकरणानंतर हे नियम १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली तेव्हा त्या कंपनीला काही तरतुदींतून तात्पुरती सूट मिळाली. केबिन क्रूचे नियम वेगळे आहेत, ते स्वतंत्रपणे वाचावेत. मात्र कोणताही नियम विश्रांतीची वेळ देतो, झोप देत नाही: रोस्टरवरच्या बारा तासांतून येणेजाणे, अंघोळ, जेवण आणि पुढची तयारी वजा केली की सहा-सात तास उरतात, आणि ते दिवसाउजेडी आले तर झोप त्याहूनही कमी होते.

हिशेब जमत नसेल, तर ते गेटवर उभे राहून सांगू नये; जितक्या लवकर कळवले जाईल तितकी बदली माणूस मिळण्याची शक्यता वाढते. आजारी नसताना आजारी असल्याचे कळवणेही टाळावे, कारण मग थकवा नोंदीतून नाहीसा होतो आणि तेच रोस्टर पुढच्या महिन्यात दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याला येते. सुधारित नियमांनुसार विमान कंपन्यांनी थकव्याच्या अहवालांचे विश्लेषण दर तीन महिन्यांनी डीजीसीएला द्यायचे आहे, आणि अहवाल देणाऱ्याला शिक्षा न करण्याचे व गुप्तता राखण्याचे धोरण पाळायचे आहे. म्हणून अहवाल नेमका लिहावा. "फार दमले होते" एवढ्या वाक्यातून विश्लेषण करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. मागच्या ७२ तासांत केव्हा झोपलो आणि केव्हा उठलो, रिपोर्टिंग किती वाजता होते, किती सेक्टर (उड्डाणे) झाले, उशीर कुठे आणि किती झाला, हॉटेलात झोप कशाने मोडली, ड्यूटीत कोणती चूक झाली किंवा होता होता राहिली, कोणत्या सहकाऱ्याने ती पकडली, हे क्रमाने लिहावे. ते घरी पोहोचून झोप झाल्यावर, पण त्याच दिवशी लिहावे, आणि तारीख घातलेली एक प्रत झोपेच्या वहीत लावून ठेवावी, म्हणजे पुढच्या महिन्याचे रोस्टर येईल तेव्हा ड्यूट्यांचा तोच क्रम पुन्हा आला आहे का, हे लगेच पाहता येते.